उमगेनीकाठचे कोकणी फकीर : हजरत सूफी साहेब (रह.)

अल्लाहचा दीन ज्या भूमीत पोहोचला, तेथे तो कोणा ना कोणा माणसाच्या पायांनी चालत गेला. हिजरतीपूर्वी, इ.स. 621 मध्ये, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी यसरिबला, म्हणजे नंतरच्या मदिनेला, एका तरुणाला मुअल्लिम म्हणून पाठविले. ते ह. मुसअब बिन उमैर (रजि.) होत. मक्केतील संपन्न घर आणि उंची वस्त्रे सोडून ते परक्या गावी गेले, ह. असअद बिन जुरारा (रजि.) यांच्या घरी उतरले आणि वस्तीवस्तीत जाऊन लोकांना कुरआन शिकवू लागले. इ.स. 625 मध्ये उहुदच्या रणांगणावर ते शहीद झाले, तेव्हा त्यांच्या अंगावरची चादर कफनालाही पुरेना. मस्तक झाकले तर पाय उघडे पडत आणि पाय झाकले तर मस्तक. अखेर प्रेषितांच्या (स.) आज्ञेने मस्तक चादरीने झाकले गेले आणि पायांवर गवत अंथरले गेले.

या एका चरित्रात धर्मप्रचारकाच्या साऱ्या जीवनाचा आराखडा आहे. परक्या गावी जावे, तेथील माणसांत राहावे, त्यांच्या मुलांना शिकवावे, त्यांच्या सुखदुःखात उभे राहावे आणि तेथल्याच मातीत विसावावे. पुढे चौदाशे वर्षे हा आराखडा घेऊन असंख्य लोक जगभर गेले. त्यांपैकी एक आपल्या महाराष्ट्राच्या कोकणपट्टीतून निघाले आणि दक्षिण आफ्रिकेतील उसाच्या मळ्यांत पोहोचले. त्यांचे नाव हजरत शाह गुलाम मुहम्मद सूफी सिद्दीकी हबीबी (रह.). लोक त्यांना आदराने सूफी साहेब म्हणत. दक्षिण आफ्रिकेत त्यांचे नाव घरोघरी माहीत आहे. ज्या भूमीने त्यांना जन्म दिला, त्या भूमीतील मराठी भाषिक मुस्लिमांनाही त्यांची ओळख असावी, म्हणून हा लेख.

कोकण ते हैदराबाद

सूफी साहेबांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रत्नागिरी जिल्ह्यातील इब्राहीमपट्टण येथे झाला. घराणे सिद्दीकी, म्हणजे ह. अबू बक्र सिद्दीक (रजि.) यांच्याशी वंशाचे नाते सांगणारे. कोकणी मुसलमानांना समुद्र परका नाही. अरबी गलबतांचा व्यापार त्यांच्या बंदरांतून चाले आणि पुढे कोकणातील घराघरातून कोणी ना कोणी तांडेल वा खलाशी म्हणून बोटीवर जात असे. घरातला कर्ता पुरुष वर्षानुवर्षे समुद्रापार असणे, पत्राची वाट पाहणे आणि मनीऑर्डरीवर संसार चालणे हे कोकणाचे जुने जीवन आहे. अशा प्रदेशातील एक माणूस पुढे समुद्र ओलांडून गेला यात नवल नाही. नवल इतकेच की तो कमाईसाठी गेला नाही.

त्यांच्या जीवनाला वळण देणारे सत्पुरुष म्हणजे हैदराबादचे ख्वाजा हबीब अली शाह (रह.). चिश्तिया सिलसिल्यातील या बुजुर्गांच्या हातावर सूफी साहेबांनी बैअत केली आणि मुर्शिदांच्या नावावरून स्वतःस हबीबी म्हणवून घेतले. चिश्ती परंपरेत खानकाहीच्या दारावर तीन गोष्टींना मोल असे : भुकेल्याला अन्न, दुःखिताला दिलासा आणि येणाऱ्याची जात-धर्म न विचारणे. दौलताबाद आणि खुलदाबादच्या परिसरात चौदाव्या शतकात याच सिलसिल्याच्या बुजुर्गांनी हे दार उघडले होते, त्यामुळे मराठी मुलखाला ही रीत अनोळखी नव्हती. मुर्शिदांनी शिष्याला आज्ञा केली ती दक्षिण आफ्रिकेला जाण्याची. इ.स. 1895 मध्ये सूफी साहेब डर्बन बंदरात उतरले. तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. ज्या वयात माणूस स्थिरस्थावर होऊ पाहतो, त्या वयात त्यांनी सारे नव्याने मांडले.

गिरमिटाचा देश

ते जेथे उतरले त्या प्रांताचे नाव नाताळ. वास्को द गामाचे गलबत 1497 साली ख्रिस्तजन्माच्या दिवशी त्या किनाऱ्याजवळून गेले, म्हणून पोर्तुगीजांनी त्याला हे नाव दिले. त्याच पोर्तुगीज शब्दावरून आपण मराठीत डिसेंबरच्या सणाला नाताळ म्हणतो. एकोणिसाव्या शतकात हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात होता आणि तेथील गोऱ्या मळेवाल्यांनी मैलोगणती ऊस लावला होता. तोडायला मजूर हवे होते. स्थानिक झुलू लोक आपली शेती व जनावरे सोडून मळ्यावर राबण्यास तयार नव्हते. तेव्हा हिंदुस्थानातून करारावर माणसे नेण्याची व्यवस्था झाली. ट्रुरो नावाचे पहिले जहाज मद्रासहून निघून 16 नोव्हेंबर 1860 रोजी तेथे लागले. पुढील एकावन्न वर्षांत 1,52,184 स्त्री-पुरुष-मुले अशा रीतीने नाताळला नेली गेली.

या कराराला मजुरांनी आपल्या तोंडचे नाव दिले : गिरमिट. पाच वर्षांचा करार, पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग मजुरी, सोबत ठरलेला शिधा. मळ्याबाहेर जायचे तर मालकाचा लेखी परवाना हवा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मुकादमाला तेथे सरदार म्हणत आणि त्याच्या हाती चाबूक असे. शंभर पुरुषांमागे चाळीसच्या आसपास स्त्रिया आणल्या जात, त्यामुळे संसार मोडत आणि बराकींत भांडणे होत. आत्महत्यांचे प्रमाणही मोठे होते. 1895 सालीच, म्हणजे सूफी साहेब आले त्याच वर्षी, करार संपवून तेथेच मुक्त राहू इच्छिणाऱ्या मजुरावर वर्षाला तीन पौंड कर बसविणारा कायदा झाला. ज्याची महिन्याची कमाई अर्ध्या पौंडापासून सुरू होत होती, त्याच्यावर हा कर होता.

या गर्दीत मुसलमान थोडे होते. बहुतेक मजूर मद्रास आणि कलकत्ता बंदरांतून आलेले. त्यांच्या भाषा तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी. एखाद्या मळ्यावर दोनशे मजुरांत पाच-दहा मुसलमान असले तर असत. त्यांच्यात आलिम नव्हता, मशीद नव्हती, मुलांना कलिमा शिकविणारा कोणी नव्हता. पहिल्या पिढीला गावाकडची नमाज आठवत होती. मळ्यावर जन्मलेल्या मुलांना आठवायलाही काही नव्हते.

डर्बन शहरात मात्र मुस्लिम व्यापारी होते. गुजरातचे मेमन आणि सुरती लोक स्वतःच्या भाड्याने आलेले, दुकाने थाटलेले. ग्रे स्ट्रीटवरील जामा मशिदीची पायाभरणी त्यांनी 1881 मध्ये केली आणि वेस्ट स्ट्रीटची मशीद 1885 मध्ये. याच व्यापाऱ्यांपैकी एका पेढीच्या खटल्यासाठी तरुण बॅरिस्टर गांधी 1893 मध्ये तेथे आले होते. शहरात आलेल्या आलिमाला मान, भोजन आणि मशिदीत जागा मिळत असे. सूफी साहेबांना शहरात सुखाने राहता आले असते. परंतु मळ्यावरचा माणूस परवान्याशिवाय शहरातील मशिदीपर्यंत येऊ शकत नव्हता. मग मशिदीनेच त्याच्याकडे जायला हवे होते.

नदीकाठची जागा

डर्बनच्या उत्तरेला उमगेनी नदी समुद्राला मिळते. तिच्या उत्तर तीरावर, रिव्हरसाइड नावाच्या भागात, सूफी साहेबांनी 1896 मध्ये जमीन घेतली. आसपास करार संपलेली हिंदी कुटुंबे भाजीपाला पिकवून राहत होती आणि त्यापलीकडे उसाचे मळे सुरू होत. या जागेवर त्यांनी हळूहळू एक वस्तीच उभी केली : मशीद, मदरसा, खानकाह, अनाथालय, आजाऱ्यांसाठी औषधोपचाराची सोय आणि कबरस्तान. शेजारीच त्यांचे राहते घर.

या यादीचा क्षणभर विचार करावा. माणूस जन्मतो, शिकतो, भुकेला होतो, पोरका होतो, आजारी पडतो आणि मरतो. मळ्यावरच्या माणसाच्या आयुष्यात हे सारे प्रसंग येत होते, आणि त्यांतील एकाही प्रसंगी त्याच्या पाठीशी कोणी नव्हते. सूफी साहेबांनी जे बांधले त्यातील प्रत्येक भिंत या प्रसंगांपैकी एकेकाला उत्तर म्हणून उभी राहिली. व्याख्यानाचा मंडप त्यांनी बांधला नाही. त्यांची दावत ही राहण्याची दावत होती.

परदेशातला दिवस

परक्या गोलार्धात दीन पाळणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला सहसा नसते. कोकणात आणि आपल्या गोदावरीकाठी किबला म्हणजे मावळतीची दिशा. लहान मूलही सूर्य कोठे बुडतो ते पाहून मुसल्ला अंथरते. डर्बनमध्ये किबला उत्तरेला आहे. उगवती उजव्या हाताला आणि मावळती डाव्या हाताला ठेवून उभे राहावे लागते. ऋतूही उलटे. 1896 सालचा रमजान फेब्रुवारीत आला, म्हणजे तेथील ऐन उन्हाळ्यात. पुढील जवळजवळ दशकभर रोजे उन्हाळ्याच्या लांब दिवसांतच पडत राहिले. मळ्यावर सूर्योदयापासून कोळपणी करणाऱ्या रोजेदाराला ना मालक सूट देई, ना सरदार. अशा माणसाला सहरी-इफ्तारच्या वेळा सांगणारा, आजारी असेल तर शरीअतने दिलेली सवलत समजावणारा आणि रोजा राहून गेला म्हणून खचलेल्याला कजाचा मार्ग दाखविणारा कोणीतरी जवळ असणे किती मोलाचे होते, हे मशिदीत काम करणारा प्रत्येक जण समजू शकेल.

मदरशात मुलांना कायदा व कुरआनचे वाचन, नमाज आणि उर्दू शिकविली जाई. उर्दूच का, तर मद्रासकडचा मुसलमान दखनी वा तमिळ बोले, उत्तरेकडचा भोजपुरी, दुकानदार गुजराती, आणि स्वतः सूफी साहेबांच्या घरची बोली कोकणी. इतक्या भाषांच्या मुलांना एका रांगेत बसवायचे तर एक समान भाषा हवी होती. पुढे तीच भाषा तेथील मुस्लिमांच्या अनेक पिढ्यांची धार्मिक भाषा झाली. जी मुले आपापल्या मळ्यावर तमिळ वा भोजपुरी बोलत वाढली असती आणि एकमेकांना परकी राहिली असती, ती एका अलिफ-बे-ने भाऊ झाली.

अनाथालयातील मुलांची गोष्ट अधिक गहिरी आहे. मळ्यावर बाप साथीत गेला, आई दुसऱ्या मळ्यावर बांधली गेली, अशा मुलांचे पुढे काय होत असेल? सूफी साहेबांनी त्यांना मशिदीच्या सावलीत आणले. त्यामुळे नमाजेला उभे राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे दिवसातून पाच वेळा यतीम मूल येत होते. पवित्र कुरआनाने अनाथाला धक्के मारणाऱ्याचा आणि धर्माला खोटे मानणाऱ्याचा उल्लेख एकत्र केला आहे, आणि अशा लोकांच्या नमाजेबद्दल कठोर इशारा दिला आहे. मशीद आणि अनाथालय यांच्यामध्ये अंतर न ठेवणे ही त्या शिकवणीची अंमलबजावणी होती.

आजारी आणि गांजलेले लोक त्यांच्या दारी येत, त्यांत हिंदूही असत आणि आफ्रिकीही. कोणाला औषध हवे असे, कोणाला जेवण, कोणाला फक्त कोणीतरी ऐकून घेणारा. येणाऱ्याला आधी धर्म विचारण्याची तेथे रीत नव्हती. त्यांच्याविषयी करामतींच्या अनेक कथा तेथील लोक श्रद्धेने सांगतात. त्यांची छाननी हा या लेखाचा विषय नाही. आपल्या बुजुर्गांनी इस्तिकामतीला, म्हणजे सन्मार्गावर अढळ राहण्याला, करामतीहून श्रेष्ठ मानले आहे. 1895 ते 1911 ही सोळा वर्षे रोज पहाटे उठून तेच काम करीत राहणे, ही त्यांची सर्वांना दिसलेली करामत होय.

मातीचा शेवटचा हक्क

त्यांनी मशिदीबरोबरच कबरस्तानही उभारले याचा अर्थ समजण्यासाठी फिक्हमधील एक साधा नियम आठवावा. मृत मुस्लिमाला गुस्ल देणे, कफन घालणे, जनाजाची नमाज पढणे आणि त्याला दफन करणे हे फर्ज-ए-किफाया आहे. काही लोकांनी ते पार पाडले तर सर्वांची जबाबदारी सुटते. कोणीच पार पाडले नाही, तर ज्यांना ठाऊक होते आणि ज्यांना शक्य होते ते सारे गुन्हेगार ठरतात.

आता तो दूरचा मळा डोळ्यांपुढे आणावा. बराकीत एक मुस्लिम मजूर तापाने गेला. त्याच्याबरोबर राहणाऱ्यांपैकी कोणाला गुस्लची रीत येत नाही, कफनाचे कापड नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कामावर हजर व्हायचे आहे. मळ्याच्या कडेला खड्डा काढून त्याला पुरले जाते. त्याच्या गावी, बिहारमध्ये वा मद्रासकडे, कोणाला वर्षभर बातमीही लागत नाही. हे फर्ज कोणाच्या मानेवर होते? मळेवाला मुसलमान नव्हता. बराकीतले सोबती अजाण होते. शहरातील लोकांना कळले नव्हते. अशा वेळी जबाबदारी हवेत तरंगत राहते आणि कोणाच्याही खांद्यावर उतरत नाही.

सूफी साहेबांनी ती आपल्या खांद्यावर घेतली. जेथे मजूर राहत होते त्याच बाजूला मशीद बांधली, तिच्याशेजारी मुस्लिमांसाठी दफनाची जागा राखली आणि जनाजा पढविणारा तेथे कायम राहील अशी व्यवस्था केली. ह. मुसअब (रजि.) यांच्या पायांवर गवत अंथरून त्यांची शान राखणाऱ्या प्रेषितांच्या (स.) उम्मतीत एखादा माणूस केवळ गरीब आणि दूर आहे म्हणून बेवारस पुरला जावा, हे त्यांना मान्य नव्हते.

सणांना दिलेले वळण

मळ्यांवर मजुरांना वर्षाकाठी जी थोडी सुट्टी मिळे, ती मुहर्रममध्ये. त्यामुळे मुहर्रम हा सर्व हिंदी मजुरांचा एकच मोठा मेळावा झाला होता. ताबूत, ढोल, वाघाची सोंगे, कुस्त्या, आणि त्यातच मद्यपान व मारामाऱ्या. मुसलमानांइतकेच, किंबहुना अधिक, हिंदू मजूर त्यात भाग घेत. वर्षभर राबलेल्या माणसांचा तो मोकळा श्वास होता हे खरे. पण करबलाच्या शहीदांच्या स्मरणाचा गंभीर अर्थ त्यात हरवून गेला होता. सूफी साहेबांनी लोकांना निंदेने दूर केले नाही. त्यांनी त्यांना दुसरी एकत्र येण्याची निमित्ते दिली : प्रेषितांच्या (स.) जीवनचरित्राचे मजलिस, मेराजच्या रात्रीचे स्मरण, जेवणासाठी उघडे दस्तरखान. गरीब माणसाकडून एक मेळावा काढून घ्यायचा तर त्याला त्याहून चांगला मेळावा द्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

याच दृष्टीने त्यांनी शेख अहमद नावाच्या एका बुजुर्गांची स्मृती जपली. लोक त्यांना बादशाह पीर म्हणत. ते स्वतः गिरमिटावर आलेले मजूर होते आणि 1894 मध्ये, सूफी साहेबांच्या आगमनाच्या आदल्या वर्षी, डर्बनला वारले होते. सूफी साहेबांनी त्यांच्या कबरीची जागा शोधून ती सांभाळली. कबरींशी संबंधित आचाराच्या मर्यादा शरीअतने घालून दिल्या आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. परंतु यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या समाजात मजुराला नावाऐवजी क्रमांकाने ओळखले जाई, त्या समाजात एका मजुराला अल्लाहचा नेक बंदा म्हणून लक्षात ठेवले गेले.

गावोगावी

रिव्हरसाइडचे काम उभे राहिल्यावर सूफी साहेब तेथेच थांबले नाहीत. स्प्रिंगफील्ड, वेस्टव्हिल, ओव्हरपोर्ट, शेरवुड, केनव्हिल, टोंगाट, पीटरमॅरिट्झबर्ग अशा वस्त्यांत त्यांनी मशिदी व मदरसे उभे केले. पुढे उत्तरेकडे लेडीस्मिथ आणि कोलेन्सो. ही दोन्ही गावे 1899 च्या इंग्रज-बोअर युद्धात तोफांच्या माऱ्याखाली आली होती. रेल्वेवर आणि कोळशाच्या खाणींत कामाला लागलेली हिंदी माणसे त्या मार्गाने पसरली होती. जिकडे मजूर गेला, तिकडे मशीद गेली.

बासुटोलँड, म्हणजे आजचा लेसोथो हा डोंगराळ देश. तेथील बुथा-बुथे गावीही त्यांच्या कार्याचे केंद्र स्थापन झाले. आणि 1905 मध्ये केपटाऊनला मौलाना अब्दुल लतीफ यांच्या देखरेखीखाली जी मशीद उभी राहिली, तिला मुर्शिदांच्या स्मरणार्थ हबीबिया हे नाव आहे. केपटाऊनमध्ये इस्लाम जुना होता. डच सत्तेने इंडोनेशियाच्या बेटांतून हद्दपार केलेले शेख यूसुफ 1694 मध्ये तेथे आणले गेले होते आणि त्यांच्या पाठोपाठच्या कैद्यांनी व गुलामांनी तेथे दीन जिवंत ठेवला होता. त्या शहरात कोकणातून आलेली कुटुंबेही छोटी दुकाने चालवून राहत होती आणि घरात कोकणी बोलत होती. सूफी साहेबांच्या कार्याने अशा रीतीने पूर्व किनाऱ्यावरील मजुरांना आणि पश्चिम टोकावरील दुकानदारांना एका धाग्यात ओवले.

विसावा

2 रजब 1329 हिजरी, म्हणजे 29 जून 1911 रोजी सूफी साहेबांचे देहावसान झाले. ज्या नदीकाठी त्यांनी इतरांसाठी कबरस्तान राखले होते, तेथेच त्यांनाही माती मिळाली. कोकणात परतणे त्यांच्या नशिबी नव्हते, आणि मळ्यावरच्या माणसांनाही परतणे क्वचितच लाभत होते. याबाबतीतही ते त्यांच्यापैकीच एक ठरले. त्यानंतर दोनच दिवसांनी, 1 जुलै 1911 पासून, हिंदुस्थान सरकारने नाताळसाठी गिरमिटिया मजुरांची भरती बंद केली आणि त्याच महिन्यात शेवटचे जहाज डर्बनला लागले. गिरमिटाचे युग आणि त्या युगातील मजुरांसाठी झिजलेला हा देह, दोन्ही एकाच उन्हाळी-हिवाळी वळणावर संपले.

त्यांच्या मुलांनी आणि शिष्यांनी काम पुढे नेले. पुढे वर्णभेदाच्या काळात सरकारने वस्त्यांची वाटणी वर्णानुसार केली. रिव्हरसाइड गोऱ्यांसाठी राखले गेले आणि हिंदी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडावी लागली. माणसे गेली, पण मशीद आणि सूफी साहेबांची कबर जागची हलली नाही. उमगेनीच्या काठावरचा तो घुमट आज तेथील वारसा-वास्तू म्हणून जपला जातो. हटविली गेलेली कुटुंबे शुक्रवारी दुरून तेथे नमाजेला येत राहिली.

आपल्या दारातील मळे

वाचकहो, हे चरित्र आफ्रिकेचे आहे, पण ते वाचण्यासाठी राहाता तालुक्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. आपला तालुका उसाचा. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांनी येथे ऊस आणला आणि प्रवरानगरला 1950 साली सुरू झालेला कारखाना सहकारी तत्त्वावरील आशियातील पहिला साखर कारखाना म्हणून नावाजला गेला. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि अन्य दुष्काळी तालुक्यांतून तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. फडाच्या कडेला कोपी पडते आणि पाच-सहा महिने तीच त्यांचे घर. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला सात-आठ वर्षांची मुलगी कोपीत राहते.

हे मजूर नाताळच्या मजुरांसारखे बांधलेले नाहीत, हे मान्य. समुद्रापारही नाहीत. तरी गावात मशीद असूनही या टोळ्यांतील एखाद्या मुस्लिम कुटुंबाच्या कोपीपर्यंत मशिदीतून कोणी पोहोचतो काय, हा प्रश्न आपल्या दाराशी उभा आहे. अलीकडे रमजानही गळीत हंगामातच येतो. आपल्या मशिदीच्या इफ्तारीचे खजूर त्या फडापर्यंत जातात काय? तेथील मुलगी अलिफ-बे कोणाकडून शिकते? तिची शाळा सुटली, ती पुन्हा कोठे सुरू होते? एखाद्या रात्री कोपीत मयत झाली, तर त्यांना कोणाला हाक मारायची हे ठाऊक आहे काय? आणि शेजारच्या कोपीतील हिंदू वा बौद्ध कुटुंबातील आजारी बाळाला दवाखान्यात न्यायला आपली गाडी थांबते काय? सूफी साहेबांच्या दारात या दोन कोप्यांत फरक केला गेला नसता.

यासाठी खानकाह बांधावी लागत नाही. हंगाम सुरू होताच गावाच्या शिवारात कोणत्या टोळ्या उतरल्या याची माहिती जुम्याच्या दिवशी घ्यावी. मुकादमाशी बोलून मशिदीचा आणि इमामाचा फोन नंबर द्यावा. संध्याकाळी तासभर फडावर मक्तब भरवावे. एका तरुणाची मोटारसायकल आणि एक कंदील तेवढ्याला पुरतो. मुलांच्या शाळेसाठी गावच्या शिक्षकांशी बोलावे. कफनाचे कापड आणि गुस्लचे साहित्य मशिदीत तयार ठेवावे. मदरशातून बाहेर पडणाऱ्या तरुण आलिमांना हे आवर्जून सांगावेसे वाटते की दावतीसाठी परदेशाचा व्हिसा मिळण्याची वाट पाहू नये. सूफी साहेबांना ज्या मळ्यांत पाठविले गेले, तसे मळे आपल्या गावाच्या वेशीवर आहेत.

फर्ज-ए-किफायाचा नियम सोपा आहे आणि कठीणही. कोणीतरी एकाने उठून केले तर सारा गाव मोकळा होतो. कोणीच उठले नाही, तर हिशोबाच्या दिवशी प्रत्येकाला वेगवेगळे उत्तर द्यावे लागेल.

अल्लाह सूफी साहेबांच्या कबरीवर आपल्या कृपेचा वर्षाव करो, परक्या मातीत बेनाम विसावलेल्या त्या साऱ्या मजुरांना क्षमा करो आणि आपल्या शिवारातील परक्याला ओळखण्याची तौफीक आपल्या सर्वांना देवो. आमीन.